अण्णांचा सहवास-गुणांक

सुहास भोकरेचे वडील सुहास भोकरेच्या घरात राहत नाहीत, असं यंत्राने जाहीर केलं तेव्हा वडील सुहासच्या शेजारीच उभे होते. त्याच्याच घरातून निघून, त्याच्याच स्कूटरवर मागे बसून, त्याचाच जुना स्वेटर घालून ते आले होते.

"पुन्हा एकदा बघा ना," सुहास म्हणाला.

"दोनदा बघितलं," निरीक्षक मोहिते मॅडम म्हणाल्या. जयसिंगपूरच्या एका शाळेच्या वर्गात तपासणीचं शिबिर होतं. मॅडम पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या होत्या आणि त्याचा राग त्या सकाळपासून लोकांवर काढत होत्या. "तुम्ही आणि मिसेस, एक कुटुंब. गुणांक चांगलाय. हॉस्टेलवरची मुलगी शिक्षणाच्या सवलतीत बसते. आजोबा तुमच्यात नाहीत."

"मग कुणात आहेत?"

मॅडमनी पडदा त्याच्याकडे फिरवला. "हणमंत ऐवळे. ओळखीचे आहेत का?"

ओळखीचे होते. हणमंत ऐवळे हा सुहासच्या इमारतीचा वॉचमन होता. जत तालुक्यातला, एकटा, मिशीला कलप लावणारा, आणि पत्त्यांत उघड उघड लबाडी करणारा.

"हणम्या?" अण्णा म्हणाले. "मग बरोबर हाय की." आणि बसायला बाक मोकळा आहे का ते बघू लागले.

वडील वॉचमनच्या कुटुंबात कसे जातात, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

मंदी आली ती यंत्रांमुळे. कारखान्यांत, बँकांत, दुकानांत यंत्रांनी माणसांची कामं घेतली आणि ती माणसांपेक्षा चांगली केली. पण यंत्रं साबण विकत घेत नाहीत. चपला घेत नाहीत, लग्नात आहेर करत नाहीत. माल ढिगाने तयार व्हायला लागला आणि घ्यायला कुणी नाही. तेव्हा सरकारने ठरवलं की करदात्यांच्या खात्यात थेट पैसे टाकायचे, म्हणजे ते खर्च करतील आणि चाक फिरेल. याला चालना निधी म्हणत. करदात्याला एक वाटा, आणि त्याच्या घरात राहणाऱ्या दर आश्रितामागे एक वाटा. करदाता म्हणजे कर भरणाराच असं नव्हतं. विवरणपत्र भरलं, त्यात उत्पन्न शून्य लिहिलं, तरी माणूस करदाता. सरकार त्या बाबतीत मोठ्या मनाचं होतं.

पहिल्याच वर्षी राज्यातल्या आश्रितांची संख्या राज्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरली. एक आजी अकरा नातवांच्या घरी एकाच वेळी राहत होती. चौकशी केली तर ती कधीच वारलेली निघाली, पण नातवांचं म्हणणं पडलं की आमच्यासाठी ती अजून आहे. कागदांवर विश्वास ठेवायचा नाही असं मग ठरलं, आणि 'सहवासमापक' आला.

त्यामागचं विज्ञान साधं होतं. माणसाच्या तोंडात आणि आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. एकाच जातीच्या जीवाणूचे पुन्हा असंख्य वाण असतात, जसे उसाचे असतात. दिसायला सगळा ऊसच, पण जाणकाराला पेर बघून कळतं कुठल्या रानातला ते. एका छताखाली राहणारी माणसं हे वाण नकळत एकमेकांना देत राहतात. उष्ट्या कपातून, एका टॉवेलातून, तोंडाशी तोंड आणून केलेल्या गप्पांतून. रक्ताचं नातं जीवाणू विचारत नाहीत. जुळे भाऊ वेगळे राहायला गेले की काही वर्षांत त्यांचे वाण वेगळे होत जातात, आणि हॉस्टेलच्या खोलीत कोंबलेली दोन परकी पोरं तेवढ्याच काळात एकमेकांसारखी होत जातात. कोण कुणाबरोबर खरोखर राहतं, याचा असा एक हिशेब प्रत्येकाच्या जिभेवर रोज लिहिला जात होता. तो वाचणारं यंत्र हातात मावेल एवढं झालं, इतकंच.

यंत्राला लाकडी पळीसारखी एक पट्टी होती. तिच्यावर जीभ टेकवायची. लोकांनी त्याचं नाव 'चाटू' ठेवलं.

चाटूने वर्षभरात जयसिंगपुराची पार दैना केली. लग्नाचे पंचविसावे वाढदिवस साजरे केलेली जोडपी परकी निघाली. नगरपालिकेत एकमेकांवर खुर्च्या फेकणारे दोन नगरसेवक एकाच कुटुंबातले निघाले. एका डॉक्टरांचा गुणांक बायकोपेक्षा कुत्र्याशी जास्त जुळला, आणि कुत्रा विवरणपत्र भरत नसल्याने त्यांचा वाटा अडकला. सुरुवातीला लोक हसले. मग शाळांनी प्रवेशाला गुणांक मागायला सुरुवात केली. मग बँकांनी वारसाला, मग दवाखान्यांनी सहीला. कागद खोटं बोलतो, जीभ बोलत नाही, असं सरकारी जाहिरातीत एक आनंदी बाई जीभ बाहेर काढून सांगायची.

"अपील करता येतं," मोहिते मॅडम म्हणाल्या. "तीन महिन्यांत. पहिल्या फेरीला लाळ, अपिलाला शौच. डबी आम्ही देतो. अपिलात जे निघेल ते पाच वर्षांसाठी पक्कं. मग बदल नाही."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर आजोबा ऐवळेंचे. निधी, दवाखाना, वारस, सगळीकडे."

अण्णा एकोणऐंशीचे होते. त्यांना नुसतंच 'पाच वर्षं' एवढं ऐकू आलं.

"पाच?" ते म्हणाले. "एवढा कोण थांबतोय?"

* * *

घरी आल्यावर सुहासची बायको रेवती म्हणाली, "असं कसं? दोन वेळचं जेवण कोण देतं त्यांना? हणमंत?"

आणि तिने कपाटातून अण्णांचं ताट काढलं.

त्या ताटाच्या बुडाला नखाला लावायच्या रंगाचा एक लाल ठिपका होता. वाटीला होता, पेल्याला होता, चमच्याच्या दांड्याला होता. बारा वर्षांपूर्वी अण्णांना क्षय झाला होता. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. तेव्हा मुलगी लहान होती, आणि भांडी वेगळी ठेवा असं डॉक्टरांनी नाही, पण शेजारणीने सांगितलं होतं. अण्णा बरे झाले. कागद झाला की बरे झाले. ठिपका मात्र राहिला. रंग उडाला की रेवती नवा लावायची. का लावतो हे तिला विचारलं असतं तर तिला आठवायला वेळ लागला असता. अण्णांचं ताट मागच्या खोलीत जायचं, त्यांचं त्यांनी घासायचं, वेगळ्या खुंटीवर त्यांचा टॉवेल. कुणी त्यांना कधी वाईट बोललं नव्हतं. उपाशी ठेवलं नव्हतं. स्वच्छ, शिस्तीचं घर होतं. बारा वर्षांत त्या घरातला एकही जीवाणू अण्णांपर्यंत पोचला नव्हता, आणि अण्णांचा एकही बाहेर आला नव्हता.

आणि दुपारी रेवतीचा डोळा लागला की अण्णा जिना उतरून हणमंतच्या केबिनमध्ये जायचे. तिथे एका कपात दोघांचा चहा. कप हणमंतकडे, बशी अण्णांकडे, मग अदलाबदल. एकच विडी, आळीपाळीने. हणमंतच्या डब्यातली भाकरी, दोघांच्या बोटांनी मोडलेली. यंत्र चुकलं नव्हतं.

"उद्यापासून अण्णा टेबलावर जेवतील," सुहास म्हणाला. "एका ताटात. तिघं."

"तिघं एका ताटात?"

"अगं, जीवाणू जायला नकोत का?"

दुसऱ्या दिवशी मोठं परातीएवढं ताट आणलं. वांग्याची भाजी, भात, आमटी, भाकरी मध्ये. अण्णा टेबलाशी येऊन अवघडून बसले, पाहुण्याच्या घरी बसतात तसे. एरवी मांडी घालून जेवणारा माणूस, पाय कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, अर्धा खाल्ला.

"तो अर्धा ठेवा, अण्णा," सुहास म्हणाला. "रेवती घेईल."

रेवतीने तो अर्धा तुकडा उचलला. तोंडापर्यंत नेला. तिच्या कपाळावर घाम आला. ती वाईट बाई नव्हती, पण बारा वर्षांची सवय घशात उभी राहिली होती. तिने डोळे मिटून घास तोंडात टाकला, एकदा चावला, आणि उठून बेसिनकडे धावली.

बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

"राहू दे पोरी," अण्णा म्हणाले. "औषध घेतल्यासारखं नगं जेवू. जेवण हाय ते."

आणि ते आपलं ठिपक्याचं ताट घेऊन मागच्या खोलीत गेले.

* * *

सुहास खाली हणमंतकडे गेला. हणमंत नव्या मोबाइलचं प्लास्टिक सोलत होता.

"निधी आला वाटतं," सुहास म्हणाला.

"आला की, सायेब. दोन वाटं. एक माझा, एक अण्णांचा." हणमंतने लाजायचा प्रयत्न केला, पण त्याला जमलं नाही. "मी काय अर्ज केला न्हवता. इवरणपत्र भरलं, जीभ टेकवली, घरला आलो. आता तुमचं वडील माझ्यात निघालं त्याला मी काय करू?"

"तू अण्णांना केबिनमध्ये बोलवायचं बंद कर."

"मी कुठं बोलीवतो? ते येत्यात. सायेब, असं करूया का, अण्णांचा वाटा निम्मा-निम्मा. माझ्या घरचं माणूस तुम्ही ठेवून घेतलंय, त्याचं भाडं समजा."

हे तो चेष्टेने म्हणाला की मनापासून, हे सुहासला समजलं नाही, आणि त्यामुळेच ते जास्त झोंबलं. जिन्यात भेटणारे लोक आता 'काय म्हणतायत हणमंतचे वडील?' असं विचारायला लागले होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर सरळ हणमंतला 'काय छोटे भोकरे' म्हणायचे.

सुहास सोसायटीचा सेक्रेटरी होता. पुढच्या सभेत त्याने ठराव मांडला की गेटवर वॉचमनऐवजी कॅमेऱ्याचं फाटक बसवावं. ते स्वस्त होतं, ते झोपत नव्हतं, आणि ते चहा पीत नव्हतं. ठराव एकमताने पास झाला. हणमंतने आपली वळकटी, स्टोव्ह आणि मोबाइल उचलला आणि शिरोळ रस्त्यावरच्या एका बंद सूतगिरणीवर राखणदार म्हणून गेला. तिथली यंत्रंसुद्धा विकून झाली होती, त्यामुळे काम हलकं होतं.

दुपारी अण्णा खाली उतरले. फाटकाने त्यांचा चेहरा तपासला, हिरवा दिवा लावला, 'आपलं स्वागत आहे' म्हणालं. अण्णा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग वर आले आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं.

* * *

सरकारी कचेरीबाहेर ताडपत्रीखाली एजंट बसतात, ही गोष्ट कुठल्याही यंत्राने बदलत नाही. प्रशांत खोत पूर्वी सातबाऱ्याची कामं करायचा. आता त्याच्या पाटीवर 'सहवास सल्लागार' असं लिहिलं होतं.

"नुसतं एका ताटात जेवून काय होतंय, साहेब?" तो म्हणाला. "अण्णांच्या पोटात वॉचमनचं पीक उभं आहे. उभ्या पिकात तुम्ही दुसरं बी टाकताय. उगवंल का?"

"मग?"

"आधी रान मोकळं करायचं. नांगरट. आम्ही धुलाई म्हणतो." त्याने टेबलाखालून गोळ्यांचं पाकीट काढलं. साधी अँटिबायोटिक होती, पण दोन वेगवेगळी, दुहेरी मात्रेत. "दहा दिवस ही. पोट कोरं होतंय. मग तुमचं उष्टं चालू करा. गेल्या महिन्यात दोन सवती एक करून दिल्या मी."

"वय एकोणऐंशी आहे."

"म्हणून तर स्वस्तात देतोय. म्हाताऱ्या माणसाचं वजन कमी, गोळ्या कमी लागतात."

सुहासने पाकीट खिशात घातलं. त्याला शंका आली नाही असं नाही. पण अपिलाची तारीख जवळ येत होती, आणि अण्णा पाच वर्षांसाठी दुसऱ्याचे होणार होते. आपण हे पैशांसाठी करत नाही आहोत, असं तो वाटेत स्वतःला सांगत होता, आणि त्यात निम्मं खरंही होतं. वडील आपले आहेत हे सिद्ध करायची वेळ आपल्यावर यावी, याचा त्याला संताप आला होता. हा संताप कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. अण्णा जवळ होते.

"व्हिटामिन आहे," तो म्हणाला, आणि हातावर गोळ्या ठेवल्या. पाण्याचा पेला स्वतः धरला.

अण्णांनी गोळ्यांकडे बघितलं, मग सुहासकडे. कित्येक वर्षांत मुलगा औषध घेऊन त्यांच्या खोलीत आला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघवेना म्हणून सुहासने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"काय विशेष?" अण्णा म्हणाले. "आज आठवण झाली व्हय म्हाताऱ्याची?"

त्यांनी गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सुहास यायच्या आधीच ते खाटेवर नीट बसून वाट बघत होते. पुढच्या सगळ्या दिवशीही.

* * *

जुलाब सुरू झाले ते थांबेनात. अण्णांचं पोट ढोलासारखं फुगलं, ताप चढला, आणि ते पोटाला हात लावू देईनात. सुहासने त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होत्या, आणि तुटक बोलत. "आतड्यात चांगले जीवाणू असतात तोवर वाईट जीवाणू गप्प असतात. जागाच नसते त्यांना. अँटिबायोटिकने सगळे मेले, आणि एक विषारी जात उरली. ती औषधांना दाद देत नाही. आता मोकळ्या मैदानात तीच नाचतेय. विष सोडतेय. एवढ्या गोळ्या दिल्या कुणी?"

रेवतीने सुहासकडे बघितलं. सुहासने जमिनीकडे.

"दुकानदाराने," तो म्हणाला.

"आतड्याचा पडदा फाटायच्या बेतात आहे. एक उपाय आहे. निरोगी माणसाच्या मळातले जीवाणू गाळून, धुऊन, नळीने यांच्या आतड्यात सोडायचे. नवी वस्ती उभी राहिली की वाईट जात दबते. बहुतेक वेळा काम करतं. सही करा."

सुहासने पेन उचललं. काउंटरवरच्या माणसाने त्याच्यासमोर चाटू ठेवला. सुहासने जीभ टेकवली.

"तुम्ही घरचे नाही," माणूस म्हणाला.

"मी मुलगा आहे."

"असाल. सही घरच्या माणसाची लागते."

सुहास स्कूटर काढून शिरोळ रस्त्याला लागला. सूतगिरणीच्या फाटकाशी हणमंत खाटेवर पडून मोबाइलवर पत्ते खेळत होता, आणि एकट्याने खेळतानासुद्धा लबाडी करता येते का ते बघत होता. सुहासने सांगितलं. हणमंतने काही विचारलं नाही. पायात चप्पल घातली आणि मागे बसला. मिरजेपर्यंत तो एकदाच बोलला.

"सायेब, हळू. तुमच्यावर सही करायला कोण हाय?"

दवाखान्यात त्याने जीभ टेकवली आणि सही केली. मोठ्या अक्षरात, पूर्ण नावाने.

"दाता कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघेही उभे होते. दोघांच्याही तपासण्या झाल्या, दोघेही निरोगी निघाले.

"कुणीही चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "ऐवळेंचे वाण पेशंटच्या मूळ वाणांशी जुळतात. ते लवकर रुजतील असा माझा अंदाज. अंदाजच. तुमचेही चालतील. वेळ थोडा जास्त लागेल, त्रास थोडा जास्त. ठरवा लवकर."

"माझे," सुहास म्हणाला.

हणमंत त्याच्याकडे बघत राहिला. अपिलाला शौच तपासतात, हे हणमंतलाही माहीत होतं.

"वडील आहेत माझे," सुहास म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने.

"व्हय की," हणमंत म्हणाला. "मी कुठं न्हाई म्हणालो?"

वडिलांना वाचवायला आपण 'माझे' म्हणालो की जिंकायला, हे सुहासला नंतर कितीही विचार करून ठरवता आलं नाही. त्या क्षणी दोन्ही एकदमच तोंडातून निघालं होतं. सहीचं काम संपल्यावर हणमंतला कुणी थांब म्हणालं नाही. तो वडापची जीप शोधत बाहेर गेला.

डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणे वेळ जास्त लागला, आणि त्रासही. अण्णा बरेच दिवस नळ्यांत होते. निम्मं वजन गेलं. पण वाचले. सुहास रोज उशाशी बसायचा, घाण काढायचा, कपडे बदलायचा, हाताने पेज भरवायचा. रेवतीसुद्धा भरवायची आणि उरलेली पेज स्वतः पिऊन टाकायची. आता तिला काहीच वाटत नव्हतं. नातेवाईक बघायला आले आणि म्हणाले, असा मुलगा मिळायला नशीब लागतं.

* * *

घरी आलेले अण्णा वेगळे होते. सुहासला होतं तसं पित्त त्यांना व्हायला लागलं. जिभेवर आयुष्यभर रेंगाळणारी तिखटाची हौस गेली. सुहाससारखेच ते पहाटे छातीत धडधडून जागे व्हायचे. आतड्यातले जीवाणू माणसाची भूक आणि मन किती हलवतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. अण्णांचं मत झालं होतं.

"तुला रोज असं होतंय?" त्यांनी एकदा सुहासला विचारलं.

"काय?"

"हे. काहीतरी राहिलंय, कुणीतरी मागं लागलंय, असं."

"होतं."

"कसा जगतोस रे बाबा," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

लाल ठिपक्याचं ताट रेवतीने भंगारात दिलं. अण्णा टेबलावर जेवू लागले, सगळ्यांच्या ताटात सगळ्यांचे हात जाऊ लागले. सुहासला वाटलं, आता सगळं नीट झालं. खरंच वाटलं. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की आधी मागच्या खोलीत जाऊ लागला. वडिलांच्या पायाला तेल लावताना त्याला कळत होतं की हे आपण अपिलासाठी करत नाही आहोत. हे बारा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, एवढंच.

"सुहास," अण्णा म्हणाले, "एक मागू?"

"मागा की."

"मला हणम्याकडं जाऊ दे."

सुहासचे तेलाचे हात थांबले.

"भेटायला ना? रविवारी नेतो."

"राहायला. गिरणीत जागा लई हाय. त्याला विचारलंय मी, फोनवर. या म्हणाला." अण्णा त्याच्या हातांकडे बघत होते. "तुम्ही लई करताय माझं. तुझी बायको गुणाची हाय. पण मला हितं जेवताना भ्या वाटतंय. तुमचं चुकतंय असं न्हाई. तू गोळ्या हातावर ठेवल्यास की मी आधी त्या मोजतो."

सुहासने तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"व्हिटामिन चांगलं होतं हां तुझं," अण्णा म्हणाले, आणि पाय जवळ ओढून घेतले.

* * *

अपिलाच्या दिवशी शाळेच्या त्याच वर्गात मोहिते मॅडमना आता खुर्ची मिळाली होती. त्यामुळे त्या प्रसन्न होत्या. डब्या आत गेल्या. यंत्र गुरगुरलं.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी! तालुक्यात एवढा गुणांक नाही निघाला. नवरा-बायकोचाही नाही. काय केलंत हो?"

सुहासने सांगितलं नाही. रेवतीने पदराने डोळे पुसले. बाहेर रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"अभिनंदन. आजोबा पाच वर्षं तुमचे. मागचा वाटाही ऐवळेंकडून वसूल होऊन तुमच्या खात्यात येईल."

अण्णा काठी टेकत टेबलापर्यंत गेले.

"बाई, मला हितं राहायचं न्हाई," ते म्हणाले. "मला दुसरीकडं जायचंय. तसं लिवा."

मॅडमनी त्यांच्याकडे प्रेमाने बघितलं, शिक्षिका लहान मुलाकडे बघते तसं. "आजोबा, आता नाही जाता येणार. आश्रिताने घर सोडलं तर निधी परत घ्यावा लागतो, आणि ज्याने ठेवून घेतलं त्याच्यावर गुन्हा. सहवास मोडल्याचा. त्या ऐवळेंना कशाला अडकवताय?"

"माझी तक्रार हाय."

"हरकत म्हणतात तिला. ती आश्रिताला घेता येत नाही."

"का?"

"आश्रित आहात म्हणून." मॅडमनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "हरकत कुटुंबप्रमुख घेऊ शकतात. त्यांनी घेतली तर नाव आत्ता इथेच मोकळं करते मी. मग तुम्ही कुठंही राहा."

अण्णा वळले. एवढं वळायलाही त्यांना वेळ लागला. त्यांनी सुहासकडे बघितलं. हात जोडतील की काय अशी सुहासला भीती वाटली, पण त्यांनी जोडले नाहीत. नुसते उभे राहिले.

सुहासच्या मनात खूप काही येऊन गेलं. तेलाने मऊ झालेली त्यांची टाच. गिरणीचं गळकं छप्पर. मिरजेच्या दवाखान्याचं राहिलेलं बिल. तिसऱ्या मजल्यावरचे काका. आता कुठे आपण चांगला मुलगा व्हायला लागलो होतो, आणि त्याला अजून थोडा वेळ हवा होता. पाच वर्षं पुरली असती.

"काय, भोकरे साहेब?" मॅडमनी विचारलं. "प्रमुख म्हणून निकालावर तुमची काही हरकत?"

"नाही," तो म्हणाला.

"जरा मोठ्याने. यंत्रात नोंद होत नाहीये."

सुहासने घसा खाकरला. अण्णा अजून त्याच्याकडेच बघत होते.

"माझी काही हरकत नाही," तो मोठ्याने म्हणाला.